थोरलीवर बसायचा रविवार

जावयाला थोरलीवर बसवायचं म्हणून मधलीने सकाळपासून दोनदा फडकं मारलं होतं, तरी मोठ्या जाऊबाई येऊन तिसऱ्यांदा मारून गेल्याच. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आठच दिवस झाले होते आणि जावई दातांचा डॉक्टर. धुळीचा एक कण जरी त्याच्या पँटला लागला असता, तर जाऊबाईंनी महिनाभर जेवण सोडलं असतं.

थोरली म्हणजे या घरातली पहिली खुर्ची. अण्णांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी, दाराला स्वतःची पाटी लागायच्या आधी केलेली. आता अण्णा अठ्ठ्याऐंशीचे होते, खाली कारखाना आणि वर घर असा दुमजली संसार उभा राहिला होता, पण थोरलीची जागा हलली नव्हती. वरच्या मोठ्या खोलीत, खिडकीसमोर, वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर ती होती. घरात नव्याने आलेलं प्रत्येक माणूस, मग ती सून असो, व्याही असोत की कामाला लागलेला पॉलिशवाला, एका रविवारी तिच्यावर बसायचं. बसायचं, दोन क्षण थांबायचं आणि "अहाहा" म्हणायचं. म्हणायलाच हवं असा नियम कुणी केला नव्हता. पण न म्हणता कुणी उठलं, असंही कुणाला आठवत नव्हतं.

आणि या समारंभाची मास्तरीण होती मधली. धाकटा दीर परगावी गेला तो तिकडचाच झाला, तरी घराने तिला मधली म्हणायचं सोडलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती स्वतः या खुर्चीवर बसली तेव्हा आडपट्टी पाठीत अशी काही घुसली होती की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून थोरले दीर, म्हणजे दादा, गहिवरले. "बघा, भरून आलं तिला!" असं ते सगळ्यांना सांगत सुटले. तेव्हापासून तिला भरूनच आलं होतं, हे पक्कं झालं. पहिलं वर्षभर तिला आतून वाटायचं की हे काही खरं नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं की आपल्यालाच बसता येत नसेल. तिसऱ्या वर्षी मोठ्या जाऊबाईंच्या बहिणीला ती स्वतः शिकवत होती, "पोट आत घ्या, पाय टेकवा, आणि मन मोकळं सोडा." आता तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं की जगात थोरलीसारखी खुर्ची नाही. तिचं कामही गादीकामाचंच. कारखान्यातल्या सोफ्यांना कापूस, स्पंज, कापड चढवायची सगळी जबाबदारी तिची. लोकांच्या बुडाखाली काय हवं हे बोटांनी दाबून सांगणारी ही बाई थोरलीपुढे मात्र बोटं मागे बांधून उभी राही. थोरलीला उशी म्हणजे अण्णांचा अपमान, असं दादांनी एकदा म्हटलं होतं. विषय तिथेच संपला होता.

फडकं झटकून मधली खाली कारखान्यात गेली. रविवार असल्यामुळे यंत्रं बंद होती. भुशाचा आणि ताज्या पॉलिशचा वास तेवढा कामावर होता. मागच्या बाकापाशी तिची लेक उभी होती, आणि तिच्या शेजारी चादर पांघरलेलं काहीतरी. ही लेक जन्मली तेव्हा इतकी हलकी होती की अण्णा म्हणाले, ही तर रंध्याखालून निघालेली ढलपी. ते नाव चिकटलं. आता ढलपी चोवीस वर्षांची होती आणि तिच्या हातातल्या पटाशीला कारखान्यातले जुने कारागीरही मान द्यायचे.

"आई, बसून बघ ना," ढलपीने चादर ओढली.

खुर्ची साधी होती. नक्षी नाही, गोलाई नाही, उगाच काही नाही. मधलीची नजर आधी बैठकीवर गेली. बैठक मागे किंचित कललेली होती. तिची बोटं आपोआप पुढे झाली, आणि तिने ती मागे घेतली.

"दुपारी बसेन की. सगळ्यांबरोबर."

"सगळ्यांबरोबर नको. आत्ता. एकटी."

"आत्ता काय घाई आहे? वर चहाचं आधण ठेवलंय मी."

आधण बिधण काही ठेवलेलं नव्हतं. एकटीने बसलं तर एकटीचं मत होईल, आणि ते मत घेऊन दुपारी सगळ्यांसमोर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

ढलपीने ते ओळखलं असावं. तिने चादर पुन्हा टाकली. "नवीन वाचनालयाला उद्या नमुना जायचाय. एकशेवीस खुर्च्यांचं काम आहे, आई. मुलं, म्हातारी माणसं, चार-चार तास बसून वाचणार आहेत त्यांवर. दादाकाका थोरली पाठवणार म्हणतायत."

"थोरली नाही. थोरलीसारखी."

"तेच ते. आणि मला नदीपलीकडच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. खुर्च्या करणारं माणूस हवंय त्यांना. बुधवारपर्यंत कळवायचंय."

मधलीच्या हातातलं फडकं तिथल्या तिथे थांबलं. "जाशील?"

"माझी खुर्ची नाही निवडली तर मी रागावणार नाही. आडपट्टी चुकली म्हणा, पाय जाड झाले म्हणा, मी ऐकेन. पण कुणी नीट बसायच्या आधीच सगळ्यांनी माना डोलावल्या तर मी इथे राहून काय करू? माझ्या खुर्चीवर कुणी खरं बसणारच नसेल तर मी ती करू कुणासाठी?"

आईने बाकावरचा भुसा दोनदा पुसला आणि ती वर निघून गेली.

दुपारी जावयासाठी जमिनीवर पाट मांडून जेवणं झाली आणि मग सगळे मोठ्या खोलीत जमले. अण्णा खिडकीशी आपल्या पलंगावर बसले होते. गेली काही वर्षं त्यांनी बोलणं फार कमी केलं होतं. काही विचारलं की हात हलवायचे, आणि त्या हलवण्याचा अर्थ दादा सांगायचे. दादा थोरलीच्या उजव्या अंगाला उभे राहिले. डावीकडे मधलीचा नवरा, मधला. तो जन्मभर दादांच्या डावीकडे उभा राहिलेला होता. मोठ्या जाऊबाई, त्यांची नवी नवरी लेक आणि मधली समोर. ढलपी दाराशी, आणि तिची चादरीतली खुर्ची तिच्या पायाशी.

"या डॉक्टर, या!" दादांनी हात पसरले. "दात तुम्ही ठीक करता, पाठ ही ठीक करते."

जावई संकोचत चौथऱ्यावर चढला आणि बसला. सगळ्यांनी श्वास रोखले. जावयाने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

"कसं वाटतंय?" दादांनी विचारलं.

"छान आहे," जावई म्हणाला. "फक्त जरा पुढे घसरल्यासारखं होतंय. माझी दवाखान्यातली खुर्ची मागे झुकते ना, ही बहुतेक पुढे..."

सगळे मनापासून हसले. कुणी रागावलं नाही, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा पोहायला उतरलेल्या माणसाला काठावरची माणसं हसतात तसं ते हसणं होतं.

"पहिल्यांदा असंच वाटतं हो," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या.

"मलाही वाटलं होतं," मधला म्हणाला. "पहिल्या दिवशी."

"ती घसरवत नाही, ती तुम्हाला जागं ठेवते," दादा म्हणाले. "माणूस खुर्चीवर बसला की सुस्तावतो. थोरलीवर बसलेला माणूस कधी सुस्तावलेला पाहिलाय? मधले, सांग गं यांना."

मधली पुढे झाली. सव्वीस वर्षांत तोंडपाठ झालेलं होतं. "पाय पुढे नका टाकू. टाचा टेकवा. पोट आत. आता पाठ पट्टीला लावून द्या आणि मनातून बसा. नुसतं अंगाने बसू नका."

"मनातून म्हणजे?"

"म्हणजे शंका न घेता."

जावयाने शंका न घेता बसायचा प्रयत्न केला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले. त्याने आपल्या नव्या बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अशी काही विनवणी होती की दगडालाही पाझर फुटावा. ती लहानपणापासून या खुर्चीच्या गोष्टी ऐकत वाढलेली, आणि आता तिच्या नवऱ्याची परीक्षा चालली होती.

"हं," जावई हळूच म्हणाला. "आता थोडं... हो. आहे खरं काहीतरी."

"काय आहे?" दादा पुढे झुकले.

"एक प्रकारचं... अहाहा."

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. जाऊबाईंनी डोळे पुसले. नव्या नवरीचा जीव भांड्यात पडला. मधलाही नाचायच्या बेतात होता. मधलीलाही आनंद झाला, अगदी खराखुरा, आणखी एक माणूस आपल्यात आल्याचा. दाराशी उभ्या असलेल्या ढलपीने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती जावयाकडे अशी बघत होती की जणू तिच्यासमोर कुणी पाण्यात पडलं आणि तिला हात देता आला नाही.

चहा आला, केक आला. आता परीक्षा पास झाल्यामुळे जावई मोकळा झाला होता. त्याने भिंतीवरच्या चार खुंट्यांना लटकलेल्या रबरी पिशव्यांकडे बोट दाखवलं. "या गरम पाण्याच्या पिशव्या आहेत ना? चार?"

"पाठीसाठी," जाऊबाई म्हणाल्या. "एक ह्यांची, एक माझी, एक भाऊजींची, एक मधलीची. आमच्या घराण्याचा मणकाच नाजूक. पिढीजात आहे."

"पण आई, तुम्ही आणि काकू तर सुना. तुमचं घराणं वेगळं."

जाऊबाई विचारात पडल्या. "लग्नानंतर लागलं आम्हाला."

"लागलं? सर्दीसारखं?"

"मग? एका घरात राहिलं की लागतंच," मधला म्हणाला, आणि आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटून त्याने केकचा दुसरा तुकडा उचलला.

जावयाने पुढचा प्रश्न गिळला. आत्ताच टाळ्या मिळाल्या होत्या, त्या परत द्यायची त्याची तयारी नव्हती. तो खोलीच्या कडेला असलेल्या जेवणाच्या टेबलापाशी गेला आणि तिथल्या आठ खुर्च्या निरखू लागला. आठही थोरलीच्या मापाने, बोटाबोटाने मोजून केलेल्या होत्या. दिवसातून तीनदा हे सगळं कुटुंब त्यांवर बसून जेवत होतं.

"अशा खुर्च्या बाहेर खूप विकल्या जात असतील ना?" त्याने विचारलं.

"लोक आमच्याकडून टेबलं नेतात," दादा अभिमानाने म्हणाले. "पलंग नेतात, कपाटं नेतात. खुर्च्या दुसरीकडून घेतात. चांगलं काय ते लोकांना कळत नाही हो. बसायची सवय राहिलेली नाही."

मग त्यांनी घसा खाकरला, आणि सगळ्यांना कळलं की आता वाचनालयाचं निघणार.

या घरात कुठलाही मोठा निर्णय मोठ्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाला विचारून होत असे. दादांना याचा फार अभिमान होता. आमच्याकडे हुकूमशाही नाही, प्रत्येकाला मत आहे, असं ते पाहुण्यांना सांगत. खरंही होतं ते. प्रत्येकाला मत होतं, आणि इतक्या वर्षांत सगळ्यांचं एकच निघालं होतं.

"तर उद्या नमुना जायचा," दादा म्हणाले. "थोरलीच्या मापाची एक नवी खुर्ची खाली तयार आहे. ढलपीनेही हौसेने एक केलीय. कौतुक आहे तिचं. अण्णा, तुम्ही सांगा."

अण्णांनी हात हलवला.

"अण्णा म्हणतात, तुम्ही ठरवा. माझं मत, थोरलीच. लोकांना कळू दे खुर्ची काय असते ते. तू गं?"

"तुम्ही म्हणता तेच," जाऊबाई म्हणाल्या.

"तू रे?"

"दादा म्हणतोय ते बरोबरच आहे," मधला म्हणाला. चादर अजून उघडलेलीसुद्धा नव्हती.

ढलपीने वाकून खुर्चीच्या पायाशी लोंबणारी चादरीची टोकं घेऊन गाठ मारली. घाईने नाही, सावकाश. सामान बांधणारं माणूस बांधतं तशी. मधलीने ते पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की बुधवारपर्यंत थांबायचं काही राहिलेलं नाही. पोरीचं आत्ताच ठरलं.

"मधले, तू?"

थोरलीच, हा शब्द जिभेवर तयारच होता. तो काही तिला शोधावा लागणार नव्हता. तेवढ्यात तिचं लक्ष जावयाकडे गेलं. तो टेबलापाशी उभा राहून गुपचूप आपली डाव्या हाताची मूठ कमरेच्या वर चार बोटांवर दाबत होता. नेमक्या त्याच जागी. मधलीला ती जागा चांगली ठाऊक होती, कारण तिची स्वतःची मूठ या क्षणी तिथेच होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचीही मूठ तिथेच. जाऊबाईंची तिथे. नव्या नवरीची तिथे. दादा हात मागे बांधून रुबाबात उभे होते, असं तिला सव्वीस वर्षं वाटत आलं होतं, पण ते हात बांधलेले नव्हतेच. एका हाताने दुसऱ्या हाताची मूठ धरून तेही पाठ दाबत होते. अख्खं खानदान पाठीला मूठ लावून चहाला उभं होतं.

तिला एकदम हसू फुटलं. इतकं की कपातला चहा बशीत सांडला.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"मला टोचते," मधली म्हणाली.

"काय टोचते?"

"थोरली. आडपट्टी. इथे." तिने मुठीनेच दाखवलं. "सव्वीस वर्षं टोचते. मला भरून वगैरे काही आलं नव्हतं, दादा. दुखलं म्हणून पाणी आलं होतं डोळ्यांत."

आता आपल्याला या घरातून काढतात की काय, असं मधलीला खरोखरच वाटून गेलं, पन्नाशीच्या बाईला. मधल्याने दादांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा दादांकडे पाहिलं. मग जन्मात पहिल्यांदाच तो दादांच्या डावीकडून दोन पावलं बाजूला झाला.

"मलापण," तो म्हणाला.

"तुला काय मलापण?" दादा ओरडले.

"टोचते, दादा. मला वाटायचं मला एकट्यालाच टोचते."

"अहो, मलाही!" जाऊबाई एकदम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाल्या, "म्हणून तर मी जेवताना सारखी वाढायला उठते. बसवतच नाही मला! आणि तुम्ही सगळे म्हणता, किती राबते, किती राबते!"

"मला शाळेत असल्यापासून," नवी नवरी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुला?"

"मी तर म्हणालोच होतो," जावई कळवळून म्हणाला. "पुढे घसरतंय म्हणून पहिल्याच वाक्यात म्हणालो होतो!"

आता सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी कुठला मलम लावला, कुणी कुणाला न सांगता कुठल्या डॉक्टरकडे गेलं, कुणी जेवताना पाठीमागे रुमालाची घडी कशी दडवली. मधल्याने तर आठ वर्षं शर्टाच्या आत कमरपट्टा बांधला होता आणि तो फॅशनचा आहे असं सांगितलं होतं. हसून हसून जाऊबाईंना ठसका लागला. एकटे दादा लाल होऊन उभे होते.

"बास!" ते गरजले. "अण्णांसमोर? अण्णांच्या हातच्या खुर्चीला? लाज नाही वाटत?"

तेव्हा पलंगावरून एक विचित्र आवाज आला. आधी वाटलं अण्णांना खोकला लागला. मधली पाणी घेऊन धावली. पण अण्णा हसत होते. दात नव्हते, त्यामुळे हसणं नुसतं वाऱ्यासारखं बाहेर येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"मला पहिल्या दिवसापासून टोचते," अण्णा म्हणाले.

दादांनी हाताला लागलेली पहिली वस्तू धरली. ती थोरली होती. तिला धरूनच ते उभे राहिले.

"मागचे पाय बोटभर कापायचे होते," अण्णा सांगू लागले. इतकं लांब ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "खूण केली मागच्यांवर, आणि करवत चालवली पुढच्यांवर. खुर्ची पुढे कलली. आता मागचे दोन बोटं कापले की झालं, म्हणून करवत पुन्हा उचलली, तर मला सुतारकाम शिकवणारे आमचे वस्ताद दारात. बरोबर चार माणसं. वस्ताद जन्मात कुणाला चांगलं म्हणाले नव्हते. आले आणि धपकन बसले. म्हणाले, वा! की चौघं म्हणाले, वा वा! मग मी कशी कापणार?"

"म्हणजे वस्तादांना आवडली ना?" दादांचा आवाज बारीक झाला होता.

"दोन वर्षांनी मी विचारलं त्यांना. म्हणाले, कुठली खुर्ची? सकाळपासून उभा होतो रे त्या दिवशी, दगडावर बसलो असतो तरी वा म्हणालो असतो." अण्णांनी पुन्हा वाऱ्यासारखं हसून घेतलं. "तोवर सगळ्या पेठेत नाव झालं होतं. मग तू झालास. बोलायला लागलास तसा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलास, माझ्या अण्णांची खुर्ची, माझ्या अण्णांची खुर्ची. इतके सगळे चांगली म्हणतायत तर चांगलीच असणार, असं मलाही वाटायला लागलं. वाटलं, पाठ माझीच वाकडी."

मधलीला दादांची फार दया आली. या माणसाने खोटं कधीच सांगितलं नव्हतं. वडिलांवर जीव होता म्हणून त्याने साठ वर्षं टोचणी सोसली होती आणि प्रेमाने ती सगळ्यांना वाटली होती. दादा चौथऱ्यावर चढले. थोरलीवर बसले. डोळे मिटून, बराच वेळ, चुळबूळ न करता. मग दादांनी एक डोळा उघडला.

"टोचते रे," ते म्हणाले.

आणि तेच असे काही हसत सुटले की चौथरा हलला. अण्णा, मधला, जावई, सगळ्यांना त्या हसण्याने पुन्हा गाठलं. दादांनी खाली उतरून अण्णांचे पाय धरले, अण्णांनी त्यांच्या टकलावर चापट मारली, आणि नवी नवरी नवऱ्याच्या गळ्यात पडून माफी मागू लागली. ढलपी दाराशी भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. ती हसतेय की रडतेय ते मधलीला लांबून कळेना. बहुधा तिलाही कळत नसावं.

"ए ढलपे!" दादा डोळे पुसत ओरडले. "उघड ती चादर! आधी तुझ्या खुर्चीवर बसू दे आम्हाला."

चादर निघाली. दादा बसले. त्यांची पाठ टेकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहाहा!" ते म्हणाले. "अरे, खुर्ची म्हणजे ही! जगात अशी खुर्ची नाही!"

"अहाहा!" जाऊबाई बसून म्हणाल्या.

"दादा म्हणतोय ते बरोबरच आहे," मधला म्हणाला, आणि मग बसला. "अहाहा!"

"अहाहा," जावई उभ्या उभ्याच म्हणाला. तो तर अजून बसलाही नव्हता.

ढलपीचा चेहरा फुलून आला होता. इतकी खुश ती लहानपणापासून दिसली नव्हती. "आता मधली, मधली!" सगळ्यांनी गलका केला. दादांनी तिचा हात धरून तिला खुर्चीपाशी आणलं. "बस. टाचा टेकव. शंका घेऊ नकोस."

मधली बसली. पाठ अलगद टेकली. कुठेही काही टोचलं नाही, आणि सव्वीस वर्षं कुणीतरी खांद्यावर ठेवलेलं ओझं कमरेतून उतरून गेल्यासारखं तिला वाटलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला. माझ्या पोरीने केली ही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, सगळ्यांचे ओठ तिच्याऐवजी आधीच अर्धे उघडले होते, आणि तो शब्द पुन्हा आयता जिभेवर आला होता.

तिने हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. काढले. पुन्हा ठेवले.

"बैठक फार सुंदर झालीय," ती म्हणाली. "पाठ तर विचारूच नको. पण हात उंच आहेत."

गलका थांबला. "अगं!" मोठ्या जाऊबाई पुटपुटल्या. "आजच्या दिवशी तरी..."

"उंच आहेत," मधली म्हणाली. ती लेकीकडेच बघत होती. "खांदे वर चढतात. तासाभराने मान दुखेल. वाचत बसणाऱ्या माणसाची तर नक्कीच."

ढलपीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग ती पुढे आली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, आणि कानावरची पेन्सिल काढून तिने आईचा कोपर हलकेच उचलला.

"किती उंच?"

"बोटभर. थोडं कमीच."

"आता?" ढलपीने पेन्सिल खुर्चीच्या हाताखालच्या दांड्याला लावली.

"अजून जरा खाली. हं. इथे."

ढलपीने खूण केली. मग आईच्या मांडीवर कपाळ टेकवून ती हसायला लागली. "आई," ती म्हणाली, "बुधवारी नाही म्हणून कळवते मी त्यांना."

"कळव. पण आधी करवत आण."